मोकळी जमीन म्हणजे अतिरिक्त जमीन नव्हे

शासनाची तिजोरी रिती होऊ लागली की त्याची दृष्टी आपल्या ताब्यातील जमिनीकडे वळते, हा बहुतेक देशांतला अनुभव आहे. कर वाढवावेत तर मतदार रुष्ट होतात, कर्ज काढावे तर व्याजाचा बोजा वाढतो. जमीन मात्र तक्रार करीत नाही. केंद्र शासनाने २०२२ साली राष्ट्रीय भूमी मुद्रीकरण महामंडळास मंजुरी दिली आणि ‘मालमत्तेचे मुद्रीकरण’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदपत्रांत रूढ झाला. सार्वजनिक आरोग्यसेवेच्या ताब्यातील जमिनी या विचारातून कायमच्या वगळल्या जातील असे मानण्यास आधार नाही. जिल्ह्याच्या गावी ऐन मोक्यावर असलेली रुग्णालयाची मोकळी जागा पाहून ‘एवढी जमीन पडून कशाला ठेवायची?’ असा प्रश्न करणारे लोक काही थोडे नाहीत.

हा प्रश्न अनाठायी नाही. परंतु त्याचे उत्तर घाईने दिले गेले तर त्याची किंमत ज्यांना शासकीय रुग्णालयाखेरीज अन्य दार नाही अशांना मोजावी लागेल. धाराशिवसारख्या जिल्ह्यात अशांची संख्या मोठी आहे. २०१८ साली देशातील ज्या आकांक्षित जिल्ह्यांची निवड झाली, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम व गडचिरोली यांच्या पंक्तीला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे.

जमीन आली कशी?

आरोग्यसेवेकडे जमीन कशी आली, हे प्रथम पाहू. हा भाग १९४८ पर्यंत निजामी राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळच्या दवाखान्यांना सरकारी जमीन मिळाली. पुढे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातील प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना १९५२ च्या समुदाय विकास कार्यक्रमाबरोबर प्रत्यक्षात येऊ लागली, आणि गावोगाव केंद्रासाठी जागा शोधण्याची वेळ आली. कोठे गायरानातील तुकडा नेमून देण्यात आला, कोठे एखाद्या शेतकऱ्याने बक्षीसपत्राने आपले रान दिले, तर कोठे भूसंपादन करावे लागले. जागा बहुधा गावाबाहेरची असे, कारण तेथे ती फुकट किंवा स्वस्तात मिळे.

मध्यंतरी गावे वाढली. सोलापूर-धुळे महामार्गाने तुळजापूर, धाराशिव व येरमाळा या गावांतील जागांचे मोल बदलले. पुणे-हैदराबाद महामार्गाने नळदुर्ग व उमरगा येथे तेच केले. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाच्या कामाने त्यात आणखी भर पडली. एके काळी जेथे गुरे चरत, तेथे आज चौरस फुटाच्या भावाने व्यवहार होतात. ही वाढ कोणाच्या कर्तृत्वाने झाली? जमिनीच्या अशा वाढीला अर्थशास्त्रात ‘अनर्जित वाढ’ म्हणतात, म्हणजे मालकाने श्रम न करता समाजाच्या वाढीमुळे त्याच्या पदरात पडलेले मूल्य. रुग्णालयाभोवती औषधाची दुकाने, खानावळी, खासगी दवाखाने उभे राहिले, रस्ता झाला, वस्ती झाली, आणि त्या वस्तीने जमिनीला भाव दिला. हे मूल्य समाजाने निर्माण केलेले आहे. तेव्हा त्याचा विनियोग समाजाच्या आरोग्यासाठीच व्हावा, ही अपेक्षा न्याय्यच म्हटली पाहिजे.

मोकळी का राहिली?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘मोकळी’ आणि ‘अतिरिक्त’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. मोकळी जमीन म्हणजे आज जिच्यावर काही उभे नाही ती. अतिरिक्त जमीन म्हणजे आजच्या आणि उद्याच्याही सर्व गरजा भागवून उरलेली. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते. दुसरी हिशेबानेच कळते.

हा हिशेब फारसा अवघड नाही. मैदानी ग्रामीण भागात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय असा सर्वसाधारण निकष आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६ होती. शहरी व ग्रामीण असा भेद तूर्त बाजूस ठेवून भागाकार केला, तर स्थूलमानाने ३३० उपकेंद्रे, ५५ प्राथमिक आरोग्य केंद्रे व १३ ते १४ ग्रामीण रुग्णालये असा आकडा येतो. आठही तालुक्यांत आज काय आहे, त्यांतील किती केंद्रांना स्वतःची इमारत आहे, आणि जेथे नाही तेथे जागा कोठून येणार, हे या आकड्यांशेजारी मांडल्याखेरीज एक गुंठाही अतिरिक्त ठरविण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

जागा मोकळ्या दिसतात त्यांची कारणेही तपासली पाहिजेत. वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांसाठी बांधलेली निवासस्थाने राहण्याजोगी उरली नाहीत म्हणून ती ओस पडतात. कर्मचारी शहरात राहून ये-जा करू लागले की त्या जागेचा उपयोग नाही असे कागदावर लिहिले जाते. पदे रिक्त राहिली की वाढीव इमारतीचा प्रस्ताव मागे पडतो, आणि तिच्यासाठी राखलेल्या जागेवर वेडी बाभूळ माजते. अशा ठिकाणी जमीन उरलेली नसते. काम अडलेले असते. पाऊस लांबला म्हणून पेरणी झाली नाही, एवढ्यावरून शेत नको झाले असे आपल्या जिल्ह्यातील कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

उद्याची गरज आज दिसत नाही, याचे उदाहरण जिल्ह्याच्या मुख्य गावीच आहे. २०२२ साली येथे १०० विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जिल्हा रुग्णालयाच्या जमिनीचा हिशेब केला असता, तर त्यात वैद्यकीय महाविद्यालय कोणी धरले असते काय? अशा महाविद्यालयाला रुग्णालय, वसतिगृहे, ग्रंथालय, शवविच्छेदनगृह, अध्यापकांची निवासस्थाने असा मोठा पसारा लागतो. १९९९ च्या नियमांत त्यासाठी २५ एकरांची अट होती. २०२० च्या नव्या निकषांत किमान जमिनीची अटच काढून टाकण्यात आली. कारण उघड आहे: शहरांत सलग एवढी जमीन मिळणे दुरापास्त झाले. नियम बदलता येतो. विकलेली जमीन मात्र त्या भावाला परत मिळत नाही.

आपत्तीचा विचार वेगळाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागाचीही वाताहत केली. छपराखाली जाण्याची भीती वाटत होती तेव्हा मोकळे मैदान हेच रुग्णालय झाले. पुढे २०२०-२१ च्या महामारीत देशभरच्या रुग्णालयांना प्राणवायूचे प्रकल्प, तपासणी कक्ष व वाढीव खाटा यांसाठी आवारातच जागा शोधावी लागली. रुग्णालयाभोवतीची मोकळीक ही विम्याच्या हप्त्यासारखी असते. संकट आले नाही त्या वर्षी तो हप्ता वाया गेल्यासारखा वाटतो, इतकेच.

विक्रीच्या बाजूने

विक्रीचा पुरस्कार करणाऱ्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण तीत तथ्य आहे. ज्या जमिनीला कुंपण नाही ती अतिक्रमणाला आमंत्रण देते. प्रथम टपरी येते, मग पत्र्याचे शेड, मग पक्के बांधकाम, आणि अखेर ते नियमित करण्याची मागणी. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले, आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. अशा निर्णयाची गरज भासावी यातच सर्व आले. खात्याच्या हिशेबात या जमिनीची किंमत शून्य धरलेली असते. म्हणून तिची राखण हे कोणाचेच काम नसते. जे फुकट मिळाले ते फुकट जाते. जी जमीन हळूहळू चोरीला जात आहे, ती उघड लिलावाने विकून रुग्णांसाठी यंत्रसामग्री घ्यावी, हे म्हणणे तर्काला धरून आहे.

शिवाय प्रत्येक वस्तूच्या वापराला वैकल्पिक खर्च असतो. बाजारपेठेतील दोन एकर जमीन मोकळी ठेवणे म्हणजे तिच्या किमतीतून जे उभे राहिले असते त्यावर पाणी सोडणे होय. हे मान्य केले पाहिजे. पण मग प्रश्न उरतो तो हा की त्या किमतीतून खरोखर काय उभे राहते? येथे अनुभवाची साक्ष काढावी लागते.

तीन दाखले

पहिला दाखला ठाण्याचा. तेथील मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झाले व नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने दीर्घकाळ ओळखले गेले. त्या काळी मनोरुग्णांच्या उपचारात मोकळी हवा, बागकाम व शेतीकाम यांना स्थान होते, म्हणून आवार विस्तीर्ण ठेवले गेले. शहर वाढून आवाराला भिडले. ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान नवे रेल्वे स्थानक करण्यासाठी या आवारातील जमीन हवी होती. परंतु रुग्णालयाखेरीज अन्य कामासाठी ती वापरण्यास न्यायालयाचा अडसर होता. अखेर २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे १५ एकर जमीन स्थानकासाठी देण्यास वाट मोकळी करून दिली. स्थानक हे सार्वजनिक कामच आहे, आणि निर्णय न्यायालयाच्या देखरेखीखाली झाला, ही त्यातील समाधानाची बाजू. तथापि एक प्रश्न विचारणे भाग आहे. मनोरुग्ण मोर्चा काढीत नाही, मतांचा गठ्ठा बांधीत नाही. त्याच्या आवारातून गेलेल्या जमिनीचा मोबदला त्याच्याच उपचारासाठी राखून ठेवण्याचे बंधन आपल्या व्यवस्थेत कोठे आहे?

दुसरा दाखला पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. हा कारखाना रुग्णालय नव्हे, पण सार्वजनिक आरोग्याशी त्याचे नाते जवळचे. १९५४ साली स्थापन झालेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे तो तोट्यात गेला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागविण्यासाठी त्याची अतिरिक्त जमीन शासकीय संस्थांना विकण्याचे ठरविले. परंतु ठरविले म्हणजे झाले असे नाही. २०१९ च्या जुलैत तो निर्णय बदलावा लागला, आणि या व अन्य औषध कंपन्यांतील कर्मचाऱ्यांची देणी देण्यासाठी सुमारे ३३० कोटी रुपये तिजोरीतूनच उपलब्ध करावे लागले. बोध असा की, अडचणीत सापडलेल्या विक्रेत्याला जमीन ना वेळेवर विकता येते ना मनाजोग्या भावाने. आणि थकलेले पगार भागविणे हेच जेथे विक्रीचे कारण असते, तेथे नवे काही उभारण्यासाठी फारसे उरत नाही.

तिसरा दाखला इंग्लंडचा, जेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे आपण आदर्श म्हणून पाहतो. १९६१ साली आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी जुनी प्रचंड मनोरुग्णालये बंद करण्याचे धोरण जाहीर केले. उद्देश चांगला होता: रुग्णाला भिंतीआड न ठेवता समाजात ठेवून उपचार करावेत. पुढील दशकांत ती मनोरुग्णालये बंद होत गेली, अनेकांच्या जागी घरे झाली. पण १९८६ साली तेथील लेखापरीक्षण आयोगाला समाजातील सेवांची उभारणी मंद व विस्कळीत असल्याचे नमूद करावे लागले. २०१३ साली आरोग्य सेवेच्या मालमत्तेसाठी शासकीय मालकीची स्वतंत्र कंपनी काढण्यात आली. २०१७ साली सर रॉबर्ट नेलर यांच्या अहवालाने अनावश्यक मालमत्तेच्या विक्रीतून २ अब्ज पौंड आणि २६ हजार घरांपुरती जमीन मिळू शकेल असा अंदाज केला. मात्र त्याच सुमारास तेथे दुसरी गोष्ट घडत होती. २०१४-१५ ते २०१८-१९ या काळात इमारती व यंत्रसामग्रीसाठी असलेल्या भांडवली तरतुदीतून ४ अब्जांहून अधिक पौंड दैनंदिन खर्चाकडे वळविण्यात आले. एका हाताने भांडवल उभे करण्याच्या योजना आखायच्या आणि दुसऱ्या हाताने असलेले भांडवल खाऊन टाकायचे, असा हा प्रकार होता.

भांडवल आणि पगार

या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. जमीन हे भांडवल आहे. पगार, औषधे, वीजबिल हा महसुली खर्च. भविष्यनिर्वाह निधी काढून किराण्याचे बिल चुकविणाऱ्या नोकरदाराला आपण शहाणा म्हणत नाही. महिना निभावतो, पण पुढच्या महिन्यात किराणा पुन्हा लागतोच आणि निधी मात्र संपलेला असतो. शासनाचे याहून वेगळे नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने शासकीय आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते उद्दिष्ट करांतून गाठावयाचे आहे. जमिनी विकून गाठता येणार नाही.

स्थानिक पातळीवरही हा मोह वाढण्याची चिन्हे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. हा निर्णय स्वागतार्हच होता. पण केसपेपरच्या शुल्कातून रुग्ण कल्याण समितीला जे थोडेफार उत्पन्न मिळे, त्याचा एक झरा त्यामुळे आटला. किरकोळ दुरुस्तीला पैसा हवा म्हणून दर्शनी भागात गाळे काढून भाड्याने देण्याची कल्पना मग सुचणे स्वाभाविक आहे. गाळ्यांची भाडी वर्षानुवर्षे जुन्याच दराने कशी चालू राहतात, पोटभाडेकरू कसे शिरतात, आणि रुग्णवाहिकेला फाटकातून आत शिरण्यास किती प्रयास पडतात, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी राहणाऱ्यास सांगावयास नको.

करावे काय?

टीका करून थांबणे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला शोभणारे नाही. म्हणून काही सूचना मांडतो.

पहिली सूचना मोजणीची. जिल्हा रुग्णालयापासून शेवटच्या उपकेंद्रापर्यंत प्रत्येक जागेची मोजणी करून, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, ताबा, अतिक्रमण व चालू वापर यांची एकच नोंदवही जिल्ह्याने तयार करावी आणि ती लोकांना पाहावयास खुली ठेवावी. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच विभागाकडे, आणि सरकारी जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, अशी आज विभागणी आहे. चौघांचे हिशेब चार वह्यांत असतील, तर एकाला जे अतिरिक्त वाटते त्याचीच दुसऱ्याला निकड असते.

दुसरी सूचना मालकीच्या छाननीची. सरकारी जमीन आरोग्य खात्याची नसते. ती शासनाची असून एका कामासाठी नेमून दिलेली असते. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या २२ व्या कलमानुसार अशी नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून अन्यथा वापरता येत नाही. बक्षीसपत्राने मिळालेल्या जमिनीत दात्याची अट पाहिली पाहिजे. संपादित जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली केरळच्या भास्करन पिल्लई प्रकरणात सांगितले की, मूळ काम होऊन उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामी लावावी, अन्यथा जाहीर लिलाव करून येणारा पैसा सार्वजनिक कामासाठीच वापरावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या १०१ व्या कलमात पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकास किंवा भूमी बँकेस परत करण्याची तरतूद आहे. तेव्हा विकण्याची भाषा करण्यापूर्वी, विकणारा हा मालक आहे काय, एवढे तरी पाहावे.

तिसरी सूचना क्रमाची. जमीन अतिरिक्त ठरलीच, तर तिचा पहिला विचार आरोग्याच्याच अन्य कामासाठी व्हावा: परिचारिकांचे वसतिगृह, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा, कर्मचाऱ्यांची घरे. दुसरा क्रम अन्य सार्वजनिक कामाचा, आणि तोही योग्य मोबदल्यासह. तिसरा क्रम ठराविक मुदतीच्या व भाडेवाढीची अट असलेल्या भाडेपट्ट्याचा. विक्री सर्वांत शेवटी, जाहीर लिलावानेच आणि ग्रामसभेपुढे किंवा नगरपरिषदेपुढे आगाऊ कारणे मांडून.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. विक्रीचा किंवा भाडेपट्ट्याचा पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळू देऊ नये. तो त्याच जिल्ह्याच्या आरोग्यविषयक भांडवली निधीत जमा व्हावा, त्यातून पगार वा औषधे यांवर खर्च करण्यास मनाई असावी, आणि त्याचा वार्षिक हिशेब लेखापरीक्षणासह प्रसिद्ध व्हावा. परंड्याची जमीन विकून पुण्यात इमारत उभी राहणे हा विकास नव्हे. ते मागासभागाकडून पुढारलेल्या भागाकडे झालेले भांडवलाचे स्थलांतर होय. मराठवाड्याला अशा स्थलांतराचा अनुभव नवा नाही.

या सूचनांना फार पैसा लागत नाही. पहिली तर भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीदारांनी व आरोग्य केंद्रांतील लिपिकांनी मनावर घेतल्यास वर्षभरात पुरी होऊ शकेल. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही या कामी जोडता येईल. आपल्या गावच्या केंद्राची जमीन किती, तिचे कुंपण कोठे संपते व शेड कोठे सुरू होते, याची पाहणी करणे हा अर्थशास्त्राचा, आणि नागरिकशास्त्राचाही, पुस्तकाबाहेरचा उत्तम धडा ठरेल.

सोलापूरला किंवा लातूरला जाण्याचे भाडे ज्याच्या खिशात नाही, त्या रुग्णासाठी ही जमीन राखलेली आहे. ती त्याच्या नावावर नाही, आणि तिचा लिलाव पुकारला जाईल तेव्हा बोली लावण्यास तो तेथे हजर नसेल. म्हणूनच तिचा हिशेब त्याच्या वतीने इतरांनी मागितला पाहिजे, आणि तो लिलावाची नोटीस लागण्यापूर्वी मागितला पाहिजे.